उतरायचं ते मैत्रिणीकडेच

शनिवार-रविवारची मुंबई मैत्रिणीच्या घरी उतरून, थोडक्या पैशांत करणाऱ्यांना हल्ली सरळ फुकटे म्हणतात. म्हणणं असं की मुंबईत जागा सोन्याच्या भावाची, त्यात तुम्ही पाय पसरणार. परवडत असेल तर लॉज घ्या, नसेल तर घरी बसा.

जागेचा मुद्दा खोटा नाही. माझी मैत्रीण डोंबिवलीत वन आरकेत राहते. माझी गादी अंथरली की फ्रिजचं दार उघडत नाही, म्हणून सकाळच्या चहाचं दूध पहाटे कुणाला तरी उठवून काढावं लागतं. पाणी तासभर, पिंप भरेपर्यंत अंघोळीचं नाव काढायचं नाही. पाहुणीचा त्रास होतो, अगदी होतो.

पण म्हणून उतरूच नये, हे कुठून आलं? ही मुंबई दुसऱ्याच्या खोलीत पथारी टाकणाऱ्यांनीच उभी केली. गिरणगावात कोकणातल्या गावागावांचे गाळे होते, धोबीतलावाला गोव्याच्या खलाशांचे कूड, म्हणजे सामायिक निवास. एक पाळीवर गेला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. ज्यांचे आजोबा असे राहिले तेच आज आम्हाला प्रायव्हसी शिकवतात, याची मौज वाटते. आणि फुकटा म्हणजे कोण? जो हात हलवत येतो, ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो आणि भाजी आणायची वेळ झाली की फोन काढतो, तो. सोलापूरहून शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन येणारी, दोन्ही वेळचं भाजी-दूध आपल्या पैशांनी आणणारी बाई त्यात कशी बसते?

दुसरा आक्षेप जाणकारांचा. दोन दिवसांत मुंबई काय कळणार? लॉजवर उतरलात तर खरंच कळणार नाही. मोबाइलवरची यादी घेऊन रविवारी अकराला बाहेर पडलेला माणूस लोकलच्या मेगाब्लॉकात सापडतो आणि त्याची निम्मी दुपार फलाटावर जाते. मैत्रिणीने आधीच सांगितलेलं असतं की लांबचं शनिवारी उरकू, रविवारी ब्लॉक लागायच्या आत फोर्ट गाठू. सोमवारची रजा टाकून राहिलात, तर त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात हेही तीच सांगते.

शनिवारी आम्ही कान्हेरीला गेलो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून जास्त लेणी आहेत, सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. विहारांत भिक्षूंना निजायला दगडी ओटे आणि लेण्यालेण्यापाशी पावसाचं पाणी साठवायला कोरलेली पोढी. मैत्रीण पोढीत वाकून म्हणाली, ‘यांना नळाची वेळ पाळावी लागत नव्हती बघ.’ इतकी वर्षं मुंबईत राहून ती इथे पहिल्यांदाच आली होती. मुंबईकर आपलं शहर पाहुणा आल्यावरच बघतो. तेव्हा या व्यवहारात फक्त पाहुण्याचाच फायदा होतो, हे मला पटत नाही.

स्वस्तात फिरणं म्हणजे अर्धपोटी फिरणं, असंही एक मत आहे. ते मांडणारे बहुधा टॅक्सीने फिरतात. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट पाच रुपये आहे. बेस्टचं पाचाचं दहा झालं 2025च्या मे महिन्यात. ती वाढ मलाही टोचली, पण अजूनही त्या दहा रुपयांत बसायला खिडकी मिळू शकते. जहांगीर कलादालनात चित्रं बघायला पैसे लागत नाहीत. 2018 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारती तर रस्त्यावर उभं राहूनच बघायच्या असतात: एका अंगाला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको गॅलऱ्यांची घरं, मधे पोरांचं क्रिकेट. लॉजचे वाचलेले पैसे आम्ही दादरला साबुदाणा वडा आणि पियूषवर उडवले. त्याला अर्धपोटी म्हणणाऱ्याने एकदा ते पियूष पिऊन बघावं.

विरोधकांचं एक मात्र मी मान्य करते. हे सगळं दोन रात्रींपुरतं. येताना सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्र काढावी आणि रविवारी किंवा फार तर सोमवारी रात्री तीच गाडी कल्याणला पकडावी. तिसऱ्या रात्रीही गादी अंथरायची म्हणणारीला माझा पाठिंबा नाही. तिने खुशाल लॉज शोधावा.