पेशंटला काही सांगू नका

कन्सल्टेशन संपतं, पेशंटला व्हीलचेअरवरून बाहेर नेतात आणि सगळ्यात शेवटी निघणारा नातेवाईक केबिनचं दार लोटून घेत हळूच म्हणतो, "डॉक्टर, पेशंटला काही सांगू नका हं. खचतील ते." त्या क्षणापासून घरात एक नाटक सुरू होतं. कॅन्सरची 'गाठ' होते, केमोथेरपी 'ताकदीचं सलाईन' होते, फाइल गादीखाली जाते. मुलगी पॅसेजमध्ये रडते, तोंड धुते आणि आत येऊन म्हणते, "आज चेहरा किती फ्रेश दिसतोय बाबा!"

हे नाटक करणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेकांचं त्या माणसावर जिवापाड प्रेम असतं. म्हणूनच त्यांचं म्हणणं हसण्यावारी न नेता नीट खोडून काढायला हवं. कारण माझ्या मते मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसावर आपण जे अन्याय करतो, त्यातला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मायेने केलेला अन्याय आहे.

त्यांचं पहिलं म्हणणं असं, की सत्य कळलं तर रोग्याचा धीर सुटतो. यात गृहीत असं धरलंय, की न सांगितल्याने त्याला कळत नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या दारात टॅक्सीतून उतरलेल्या माणसाला आपण कशासाठी आलोय हे कळत नाही, असं समजणं म्हणजे त्याला खुळ्यात काढणं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याचे केस गेलेले दिसतात. स्वतःचं शरीर तर चोवीस तास बातम्या देतच असतं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी शिकागोत मरणासन्न रुग्णांच्या मुलाखती घेऊन १९६९ साली पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हेच नोंदवलं: सांगा अगर सांगू नका, बहुतेकांना कळलेलं असतं. लोकांनी मात्र त्या पुस्तकातल्या, मरणाला सामोरं जाण्याच्या पाच पायऱ्या तेवढ्या पाठ केल्या.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं सांगतो. हॉस्पिटलात त्यांनी सुनेला वही घेऊन बसायला सांगितलं. गोड्या मसाल्याचं प्रमाण त्यांना लिहून द्यायचं होतं. धणे इतके, दगडफूल इतकं, तीळ शेवटी आणि मंद आचेवर. सून दोन ओळी लिहून हसत म्हणाली, "अहो आई, घरी आल्यावर तुम्हीच करा की! मी कशाला लिहून घेऊ?" काकूंनी तिच्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि कूस बदलली. त्या वहीत पुढे काही लिहिलं गेलं नाही. सुनेने हे धीर देण्यासाठीच केलं होतं. पण धीर कोणाचा सुटत होता? काकू तर निरवानिरव करायला बसल्या होत्या. उठून गेलो ते आपण, बाकीची मंडळी. 'ते खचतील' या वाक्यात 'आम्ही खचू' हे दडलेलं असतं आणि ते कबूल करायला कोणी तयार नसतं.

खोट्या आशेने आयुष्य वाढतं, हा या म्हणण्याचाच दुसरा अवतार. यावर पुरावा आहे आणि तो उलटा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याच उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास आटोक्यात ठेवणारी शुश्रूषा दिली. या शुश्रूषेत आजार कुठवर आला आहे आणि पुढे काय करायचं, याबद्दल रुग्णाशी मोकळेपणाने बोलणंही येतं. दुसऱ्या गटात नैराश्य कमी आढळलं आणि शेवटी शेवटी आक्रमक उपचारही कमी झाले. तरीही त्यांचं मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरलं, पहिल्या गटाचं ८.९. एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये, हे मान्य. पण बोलल्याने माणूस लवकर जातो, असं म्हणणाऱ्यांच्या हातात एवढाही पुरावा नाही.

दुसरं म्हणणं जास्त चलाख आहे. रोग्याला सगळं सांगायचं आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा, ही पाश्चात्त्यांची व्यक्तिवादी रीत. आपल्याकडे माणूस कुटुंबाचा असतो, घरची मंडळी ठरवतात, ही आपली संस्कृती. ऐकायला भारदस्त आहे. पण पाश्चात्त्यांची ही रीत किती जुनी? १९६१ साली अमेरिकी डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. कारण तेच: रोगी खचेल, आशा हवी. १९७९ साली तीच प्रश्नावली पुन्हा वापरली, तर ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. संस्कृती म्हणून आपण जे छातीशी धरून बसलोय, ते अमेरिकेत अठरा वर्षांत इतिहासजमा झालं. म्हणजे ती सवय होती.

बरं, आपल्या परंपरेला विचारायचं तर विचारू. परीक्षिताला सात दिवसांत मरण येणार, हे त्याच्यापासून कोणी लपवलं नाही. ज्यांच्या मुलाने शाप दिला, त्या शमीक ऋषींनीच राजाला निरोप धाडला. पुढे दोन ग्रंथ दोन वाटांनी जातात, आणि हा फरक मला विलक्षण वाटतो. महाभारताच्या आदिपर्वात परीक्षित एका खांबावर उभा असलेला महाल बांधून घेतो. भोवती पहारा, औषधं, वैद्य, मंत्रज्ञ. वाराही आत जाणार नाही असा बंदोबस्त. तक्षक नाग मात्र फळातला किडा होऊन आत पोहोचतो. भागवतातला परीक्षित जनमेजयाकडे राज्य सोपवून गंगेकाठी बसतो, लोकांना जमू देतो, शुकाला प्रश्न विचारतो. राजा एक, शाप एक, मुदत तीच. आज कोथरूड काय नि डोंबिवली काय, आपण आदिपर्वातला महाल भाड्याने घेतो, दिवसाचं भाडं भरतो, भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, एका वेळी एकच नातेवाईक. आणि वर सांगतो, भागवत आमचं.

कोणी सावित्रीची गोष्ट पुढे करेल. वर्षभरात सत्यवान जाणार, हे नारदाने सावित्रीच्या माहेरी सांगितलं आणि तिने नवऱ्याला ते कळू दिलं नाही, हे खरंच आहे. पण ती गोष्ट नीट वाचा. सत्यवानाला न सांगण्याची किंमत सावित्री एकटी भरते, शेवटचे तीन दिवस उपाशी उभी राहून. आणि तिच्याजवळ यमाशी वाद घालून नवरा परत आणण्याची सोय होती. आपल्या सुनांकडे आणि मुलांकडे ती नसते. त्यांच्या वाट्याला फक्त न बोलण्याचा भार येतो.

परंपरेतले विधीही पाहा. प्राण जाण्याआधी करायचं गोदान किंवा प्रायश्चित्त हे जाणाऱ्याने स्वतः संकल्प सोडून करायचं. जमिनीवर उतरवायचं, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालायचं, माणसांनी भोवती बसायचं. या सगळ्यात जाणाऱ्याला कळतंय की तो जातोय, हे धरलेलं आहे. मी काही जुन्या काळाची आरती करत नाहीये. मॉर्फिन नव्हतं तेव्हा घरातलं मरण अनेकदा भयंकर असायचं, आणि मागे राहिलेल्या बाईचे जे हाल व्हायचे ते सांगायला नकोत. पण परंपरेच्या नावाने लपवाछपवीचं समर्थन करणाऱ्यांना परंपरा मदतीला येत नाही, एवढंच म्हणणं.

आणखी जवळचं उदाहरण. सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत औषध, अन्न, पाणी सोडलं आणि २६ तारखेला त्यांचा देह पडला. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला तेच केलं आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. या दोघांचं आयुष्यात कशावरही एकमत झालं असतं का, शंका आहे. शेवटाबद्दल झालं. महाराष्ट्राने दोघांनाही हात जोडले. मी अन्नत्यागाची शिफारस करतोय असं कोणी समजू नये. दुःखाने किंवा एकटेपणाने मरण मागणाऱ्याला आधी सोबत आणि उपचार हवेत. मुद्दा वेगळा आहे. थोर माणसाने 'आता पुरे' म्हटलं तर ते आत्मार्पण, आणि घरातल्या आजोबांनी 'आता नळ्या नकोत रे' म्हटलं तर "काहीतरीच काय बोलताय!" हे कसं?

आता कायद्याचं. 'लिव्हिंग विल', म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा दस्त, याचा विषय निघाला की हमखास येणारा आक्षेप असा, की इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेले वारस याचा गैरफायदा घेतील. भीती अनाठायी नाही, पण ती चुकीच्या जागी लावली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असा दस्त मान्य केला, तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. एवढी कटकट होती की कोणी वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम आलं. पण दस्त केला म्हणून कोणी उद्या नळी काढत नाही. माणूस स्वतः सांगू शकत नसेल आणि सुधारण्याची आशा नसेल, तरच तो कागद उघडायचा. मग हॉस्पिटलच्या तीन डॉक्टरांचं मंडळ मत देणार, दुसरं तीन जणांचं मंडळ ते तपासणार, दंडाधिकाऱ्याला कळवणार. लोभी पुतण्याला एवढी पायपीट करायची गरजच काय? कागद नसताना सगळं त्याच्याच तर हातात असतं. 'आम्ही पेशंटला घेऊन जातो' असं लिहून दिलं की झालं. कागदाने उलट त्याचे हात बांधले जातात.

गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ च्या मे महिन्यात स्वतःचा असा दस्त नोंदवला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जे अभद्र वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं?

कागद नसला की काय होतं, ते अरुणा शानबाग यांच्या बाबतीत देशाने पाहिलं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात, जिथे त्या परिचारिका होत्या, त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना जपलं. त्या सेवेपुढे मान झुकते. २०११ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभं राहिलं तेव्हा याचिका करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी 'त्यांना जाऊ द्या' म्हणत होत्या, परिचारिका 'नको' म्हणत होत्या. दोन्हीकडे आस्था होती. न्यायालयाने परिचारिकांचं ऐकलं. पण अरुणाताईंना काय हवं होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पंचविशीतल्या मुलीने असं काही लिहून ठेवावं, अशी अपेक्षाही करता येत नाही. सत्तरीतल्या आईवडिलांकडून करता येते. निदान विचारता येतं.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो. सत्य सांगा म्हणता, पण सांगणार कोण आणि नंतर पेशंट जाणार कुठे? पाच मिनिटांच्या ओपीडीत, दारात वीस माणसं उभी असताना, उभ्या उभ्या 'सहा महिने' असं फेकणं म्हणजे लपवण्यापेक्षा वाईट. आणि ज्याला खरोखरच ऐकायचं नाही, त्याच्या कानात ओतणं हीसुद्धा जबरदस्तीच. म्हणून आधी विचारायचं: तुम्हाला किती सांगू? की मुलाशी बोलू? हे त्याने ठरवावं, मुलाने नव्हे.

जायचं कुठे हा प्रश्न तर जास्तच अवघड. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. पण जिल्ह्याच्या गावाच्या पलीकडे काय? केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, शेजारपाजारचे स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले आणि २००८ साली राज्याने त्याचं धोरण केलं. आपल्याकडे महाराष्ट्रात पैसा होता, संस्था होत्या, समाजसेवेचा वारसाही होता. वेदनेकडे लक्ष गेलं नाही. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं जाळं विणलं की औषध दुकानदार त्याच्या वाटेलाच जाईना. २०१४ साली कायदा सैल केला, पण दुकानदाराची भीती काही कायद्याबरोबर सैल झाली नाही. वेदनेने कळवळणाऱ्याला गोळी मिळत नसेल, तर त्याच्याशी मोकळेपणाने बोलण्याच्या गप्पा फुकट आहेत, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मात्र यातून निघतं ते हेच, की गोळीसाठी भांडायला हवं. गप्प बसा, हे यातून निघत नाही.

राहता राहिलं 'अशुभ बोलू नये'. एलआयसीचा एजंट दिवाळीत फराळाच्या ताटापुढे बसून नॉमिनीचं नाव विचारतो, मागे किती रक्कम मिळेल ते सांगतो, आणि आपण चिवड्याचा बकाणा भरून सही करतो. वास्तूला धक्का लागत नाही. मग त्याच ताटापुढे आईला हे का विचारता येऊ नये, की तुझं बोलणं बंद झालं तर आमच्यापैकी कोणी बोलायचं? व्हेंटिलेटर किती दिवस चालेल? घरी यायचंय की तिथेच? हे विचारून ठेवलेलं नसलं की ऐन वेळी न्यू जर्सीचा मुलगा व्हिडिओ कॉलवर येतो आणि म्हणतो, "पैशांचा विचार करू नका, सगळं काही करा." तीन वर्षं आईचं दुखणं त्याने पडद्यावरच पाहिलेलं असतं. त्याचा आवाज सगळ्यात मोठा लागतो, आणि इथे तिचं सगळं काढणारी मुलगी गप्प होते, कारण आईला काय हवं ते तिलाही माहीत नसतं. डॉक्टर फॉर्म पुढे सरकवतात. सही मुलीची होते.