शेजारच्या घरचा शिवाजी

'शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी' ही म्हण आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. देशात ती दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतात. आपण अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी मात्र ती जगण्याचा नियमच करून टाकली आहे. हे वाक्य काहींना झोंबेल. झोंबावे म्हणूनच लिहितो आहे.

आपले वर्षाचे कॅलेंडर बघा. फेब्रुवारीत शिवजयंती. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या स्टेजवर थर्मोकोलचा रायगड, ढोल-ताशे, भगवे फेटे. पावनखिंडीच्या प्रसंगाला बाजीप्रभू पडतात आणि पहिल्या रांगेतल्या काकू पदराने डोळे टिपतात. मग येतो मे महिन्यातला शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे. आपल्या दृष्टीने तो दिवस कशाचा? पिकनिकचा! भेळ, मक्याची कणसे, रस्सीखेच आणि गाद्यांवरचा सेल. युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणाचा हा दिवस आहे, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? मुलांचे सोडा, आपल्याला तरी आठवते का?

आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी सांगितले की मला सैन्यात जायचे आहे, तर? मग घरात सुतक. "आमचं काय चुकलं?" असे आई विचारते. मित्रमंडळी समजूत काढायला येतात. "अहो, मार्क तर चांगले होते ना?" असे एकाने माझ्यासमोर विचारले होते. म्हणजे सैन्यात जाणारा हा नापास झालेला असतो, अशी आपली पक्की समजूत. बाजीप्रभूंचे मार्क कोणी विचारले होते का?

आता आक्षेप येतील, ते आधीच घेतो. पहिला आक्षेप, "ही आपली लढाई नाही, आपण इथे शिकायला आणि कमवायला आलो." मीही २००४ साली एम. एस. करायलाच आलो. पण ज्यांनी नागरिकत्व घेतले, त्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली आहे. कायद्याने सांगितले तर या देशासाठी शस्त्र उचलीन, हे त्या शपथेत आहे. धर्म आड येत असेल तर तेवढा भाग वगळून मागता येतो. आपल्यापैकी किती जणांनी मागितला? समारंभानंतर फोटो काढले, केक कापला आणि शपथ विसरून गेलो. १९७३ पासून इथे सक्तीची भरती नाही म्हणून ती विसरणे परवडते, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "इराकचे युद्धच चुकीचे होते, त्यात आपली मुले का घालायची?" युद्ध चुकीचे होते, असे माझेही मत आहे. पण युद्ध सैनिक ठरवत नाही. ते ठरवतात निवडून दिलेले लोक, आणि त्यांना निवडतो आपण. ज्यांच्या घरातले कोणीच जाणार नाही, त्यांना युद्ध स्वस्त वाटते. अफगाणिस्तानातले युद्ध २००१ ते २०२१ चालले. त्या वीस वर्षांत आपल्या पॉटलकमध्ये घरांच्या किमती, ग्रीन कार्डाची रांग आणि स्पेलिंग बी यांवर जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांश तरी त्या युद्धावर झाली का?

तिसरा आक्षेप, "आपला आणि इराकचा संबंध काय?" आहे, चांगला जुना आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये नेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूट गावात हे सैन्य १४७ दिवस वेढ्यात अडकले, उपाशी राहिले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. त्यानंतर कैदेत कितीतरी माणसे मेली. त्याच कूटमध्ये एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन मरीन लढले. आपली मुले शाळेत व्हिएतनाम शिकतात, पण आपल्याच सातारा-रत्नागिरीकडच्या माणसांचे कूट त्यांना कोणी सांगत नाही, कारण आपल्यालाच ते माहीत नाही.

आपली ही खोड जुनी आहे. पानिपतच्या बातमीचे सांकेतिक पत्र सर्वांना माहीत आहे. त्यात भाऊसाहेब आणि विश्वासराव मोती झाले, सरदार मोहरा झाले, आणि साधे शिपाई झाले खुर्दा, ज्याची मोजदादच नाही. आपण आजही मोत्यांच्या जयंत्या करतो. खुर्द्याचे कोणी नाव घेत नाही.

हा खुर्दा कसा घडतो, ते जरा बघा. आर्मीचे मूलभूत प्रशिक्षण दहा आठवड्यांचे, मरीन कोअरचे तेरा. पहिल्याच दिवशी केस जातात, फोन जातो. मरीनमध्ये तर 'मी' म्हणायचीही सोय नसते, 'हा रिक्रूट' असे म्हणायचे. शेवटी चोपन्न तासांची परीक्षा, त्यात झोप आणि अन्न दोन्ही तुटपुंजे. एकोणीस वर्षांच्या पोराला विचार न करता हुकूम पाळायला शिकवतात, कारण गोळीबारात विचार करायला वेळ नसतो. हे सगळे पद्धतशीर. पण परत येताना? काही दिवसांचे वर्ग आणि कागदांची फाइल.

माझ्याबरोबर एका प्रोजेक्टवर काम करणारा एक जण दोनदा इराकला जाऊन आला होता. कॅफेटेरियात तो कायम भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. चार जुलैला आपण फटाके बघायला चादरी घेऊन जातो, तो त्या दिवशी गाव सोडून डोंगरात जायचा. तो मला म्हणाला होता, "लोक थँक यू म्हणतात आणि निघून जातात. तुझं काय झालं, असं कोणी विचारत नाही." मी दर सोमवारी विमानतळावर असतो. गणवेशातली मुले दिसली की टाळ्या वाजवणाऱ्यांत आपली मंडळीही असतात. टाळी वाजवायला काही पडत नाही, हो!

व्हिएतनामहून परतलेल्यांच्या मनाच्या जखमेला 'पीटीएसडी' हे अधिकृत नाव मिळाले १९८० मध्ये, युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावर. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराने आजारी पडलेल्यांसाठी व्यापक कायदा झाला २०२२ मध्ये. त्याच २०२२ सालात अमेरिकेत सहा हजार चारशेहून जास्त माजी सैनिकांनी आत्महत्या केली. इराकच्या संपूर्ण युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांपेक्षा हा आकडा मोठा आहे. यात सगळ्या वयांचे आणि शांततेच्या काळात नोकरी केलेलेही आहेत, पण तरी आकडा आकडाच आहे.

भारतात वेगळे आहे असे समजू नका. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक्समध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये! 'चंदू चँपियन' सिनेमा आला २०२४ मध्ये, तेव्हा कुठे आपल्याला त्यांचे नाव कळले. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांची आई, २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. म्हणजे शिवाजी आपल्या घरी जन्माला यावा असे म्हणणारी घरे महाराष्ट्रात आहेत. ती आपल्या ओळखीची नाहीत, एवढेच.

आणि या देशातही आपले लोक लढलेले आहेत. भगतसिंग थिंद १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात होते. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना नागरिकत्व नाकारले. शेवटी १९३६ मध्ये ते मिळाले, तेही महायुद्धातले माजी सैनिक म्हणून. आपल्याला आज हा पासपोर्ट सहज मिळतो, त्यामागे अशी माणसे आहेत.

मी प्रत्येकाने मुलाला सैन्यात पाठवावे असे म्हणत नाही. ज्याचा त्याने विचार करावा. पण जो जायचे म्हणेल, त्याच्या घरी सुतकाला जाऊ नका. व्हेटरन्स डेला मराठी शाळेत एखाद्या माजी सैनिकाला बोलवा आणि भाषणाऐवजी त्याला प्रश्न विचारा. आपल्यात आयटीवाले पोत्याने आहेत. सैन्यातून बाहेर पडलेल्या चार जणांचे रेझ्युमे नीट करून दिले, मुलाखतीची तयारी करून घेतली, तर त्याला देणगी लागत नाही.

आणि एवढेही जमत नसेल तर एक मिनिट द्या. मेमोरियल डेला दुपारी तीन वाजता देशभर एक मिनिट स्तब्ध राहावे, असा इथला २००० सालचा कायदा सांगतो. यंदाच्या पिकनिकला तीन वाजता रस्सीखेच थांबवायची, लाउडस्पीकर बंद करायचा. कार्यकारिणीने हे कार्यक्रमपत्रिकेत छापावे, अशी माझी जाहीर मागणी आहे. हेही नको असेल, तर पुढच्या फेब्रुवारीत थर्मोकोलचा रायगड उभारू नये.