गावात सज्ञान, वर्गात अज्ञान

करमाळा तालुक्यात निवडणूक ही काही नवलाई नव्हे. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती, आणि त्यांवर कळस म्हणून आदिनाथ व मकाई हे दोन सहकारी साखर कारखाने. पॅनेल पडतात, गट फुटतात, पुन्हा जुळतात; गुलाल उधळला जातो. चहाच्या टपरीवर बसलेला म्हाताराही गेल्या तीन निवडणुकांतील मतांची बेरीज तोंडपाठ सांगतो. अशा ह्या मतदानात मुरलेल्या तालुक्यात मतपेटी जिच्या उंबरठ्यावर थबकते अशी एक जागा आहे, आणि ती म्हणजे महाविद्यालयाचा वर्ग. जिंतीची किंवा चिखलठाणची मुलगी अठराव्या वर्षी खासदार निवडते. एकविसावे पूर्ण होताच ती गावची सरपंच होऊ शकते, ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी बसू शकते. परंतु बी.ए.च्या शेवटच्या वर्षात आपल्या वर्गाच्या वतीने प्राचार्यांशी कोणी बोलावे, हे ठरविण्याचा अधिकार तिला मिळालेला नाही. कायद्याच्या भाषेत ज्याला ‘अज्ञान’ म्हणतात तसे तिला तेवढ्या चार भिंतींत समजले गेले.

हे आपोआप घडले नाही. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय एकवीसवरून अठरावर आले, ते १९८९ साली. तरुण पिढीवर विश्वास टाकल्याबद्दल राज्यकर्त्यांनी तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने, त्याच तरुणाचे महाविद्यालयातील मत काढून घेतले. वर्गात आदल्या वर्षी सर्वाधिक गुण मिळविणारा तो वर्गप्रतिनिधी ठरला. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना आणि सांस्कृतिक विभागाचा प्रत्येकी एक विद्यार्थी व दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नेमाव्यात अशी व्यवस्था झाली. ह्या नेमलेल्यांनी आपसांत एक सचिव निवडावा, एवढीच लोकशाही शिल्लक ठेवली गेली. मंडळाचे अध्यक्षस्थान अर्थातच प्राचार्यांकडे.

गुणवत्ता हा शब्द ह्या व्यवस्थेच्या दारावर पहारेकऱ्यासारखा उभा केला आहे. गुणवंताविषयी कोणाचा आकस असण्याचे कारण नाही. पण ज्याला सर्वाधिक गुण पडतात तो इतरांचा प्रतिनिधी कसा होतो? प्रतिनिधित्व हे बक्षीस नव्हे, ते इतरांनी सोपविलेले काम आहे. पहाटे धारा काढून, शेरडांपुढे चारा टाकून, पहिल्या एस.टी.ने उभ्याने येणाऱ्या मुलाला किती गुण पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. वसतिगृहाची, ग्रंथालयाच्या वेळेची आणि शिष्यवृत्तीच्या रखडलेल्या हप्त्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते. शिवाय अंतर्गत गुण ज्यांच्या हाती, त्यांच्याशी भांडण्याची हिंमत पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने करावी, ही अपेक्षाच त्याच्यावर अन्याय करणारी आहे. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे सर्वांत जास्त, त्यालाच सेनापती नेमण्याची ही युक्ती होती.

निवडणुका बंद करणाऱ्यांनी हिंसाचाराचे कारण दिले. ते कारण खोटे नव्हते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. तालुक्यातालुक्यांत सी.आर. पळविले जात, त्यांना ‘सहलीला’ नेले जाई, जी.एस.च्या निवडीच्या दिवशीच ते जीपमधून उतरत. पण हा रोग कोठून आला? वर्गप्रतिनिधींच्या मूठभर मतांवर जी.एस. ठरत होता, म्हणून ती मते पळविता येत होती. हजार विद्यार्थ्यांना कोणी महाबळेश्वरला नेऊन ठेवू शकत नाही. पंचायत समितीच्या सभापतिपदासाठी सदस्य सहलीला जातात, म्हणून पंचायत राज्य कोणी बरखास्त केले नाही. विधानसभेच्या मतदानात केंद्रे बळकावली जातात, माणसे मरतात, म्हणून गुणानुक्रमे आमदार नेमावेत असेही कोणी सुचविले नाही. (सुचविले असते, तर कित्येक शिक्षणसम्राटांची गुणपत्रिका पाहण्याचा योग आला असता.) लिंगडोह समितीने २००६ साली ह्या दुखण्यावर औषधही दिले होते: उमेदवाराला वयाची व ७५ टक्के उपस्थितीची अट, ५,००० रुपयांची खर्चमर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. औषध कपाटात राहिले.

मत गेल्यावर महाविद्यालयाच्या परंपरांचे काय उरले? स्नेहसंमेलन उरले, पण ते विद्यार्थ्यांचे संमेलन न राहता संस्थेच्या धुरीणांचा सत्कारसमारंभ झाले. टाय-साडी डे, पारंपरिक वेशभूषेचा दिवस, ध्वनिवर्धकावरची गाणी, प्रमुख पाहुणे आणि त्यांचे फेटे. शेलापागोट्यांत पूर्वी प्राचार्यांनाही एखादा चिमटा बसत असे, आता तेथेही आधी चिठ्ठ्या तपासल्या जातात. भित्तिपत्रकावर थोरांच्या जयंत्या येतात, खानावळीचा प्रश्न येत नाही. वार्षिक अंकात कविता पुष्कळ. विद्यार्थी मंडळाच्या खर्चाचा हिशेब मात्र शोधावा लागतो. वादविवाद स्पर्धा होतात, पण वाद असा विषय निघाला की तो ‘संवेदनशील’ म्हणून बाजूला ठेवला जातो. नाचायला मुभा आहे, विचारायला नाही.

शहरातल्या मुलाला ह्या उणिवेची झळ तितकी लागत नाही. त्याच्या घरात वर्तमानपत्र येते, व्याख्यानमाला हाकेवर असते, वडिलांच्या ओळखीने अडलेली कामे होतात. करमाळा हा सोलापूर जिल्ह्याचा अगदी उत्तरेकडचा कोपरा. पूर्वी येथील पदवीशिक्षणाची सूत्रे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून हलत. २००४ साली सोलापूरला एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ झाले, तरी तालुक्याच्या पश्चिमेकडील विद्यार्थ्याला सोलापूर म्हणजे दिवस मोडणेच. पश्चिमेला उजनीच्या पाण्यावर ऊस आणि केळी उभी आहेत. त्याच पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांची नातवंडे आज पदवीच्या वर्गात आहेत. त्यांच्या घरातील अनेकांना विद्यापीठ ही चीज प्रथमच दिसते आहे. ह्या मुलांना अर्ज कसा करावा, सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, पराभव कसा पचवावा, हे शिकविणारी दुसरी शाळा नाही. विद्यार्थी मंडळ ही त्यांची ती शाळा होती.

तिच्या अभावी काय होते ते २०२१ साली दिसले. करोनानंतर ऑक्टोबरमध्ये महाविद्यालये उघडली आणि नोव्हेंबरात राज्यभर एस.टी. थांबली. संपकरी कामगारांची मागणी पोटाची होती आणि तिच्याविषयी ह्या पानाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. पण एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या त्या काळात खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या हजेरीचे काय, परीक्षेचे काय, हे विद्यापीठापुढे मांडण्याचा अधिकार असलेला एकही निवडून आलेला विद्यार्थी राज्यात नव्हता. मोटारसायकल असलेले आले. मुलींपैकी पुष्कळ घरीच राहिल्या.

कायदा मात्र झाला आहे! २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या ९९ व्या कलमाने अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांसाठी आळीपाळीने एक जागा, ह्या सर्व विद्यार्थ्यांच्या थेट मताने भरावयाच्या ठरविल्या. वर्गप्रतिनिधीही मतानेच. म्हणजे पळवापळवीचे मूळच छाटले गेले होते. २०१९ साली मुहूर्त ठरला, आणि विधानसभेची निवडणूक आली म्हणून तो मोडला. मोठ्यांचे मतदान होते म्हणून धाकट्यांचे रद्द! पुढे करोनाचे निमित्त मिळाले, आणि निमित्त संपल्यावरही घाई कोणाला नव्हती.

दरम्यान राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आले. तीन वर्षांची पदवी चार वर्षांपर्यंत लांबली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची ‘सोय’ झाली. स्थळ पाहू लागलेल्या बापाला ही सोय कशी दिसेल, हे दिल्लीत बसून कळणार नाही. ज्यांच्या आयुष्याची ही नवी आखणी, त्यांचे मत घ्यायला वर्गावर्गांत निवडून आलेले कोणी नव्हतेच.

राज्यकर्त्यांचे भय समजण्यासारखे आहे. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीचे बिल वाढले, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच मार्चमध्ये पाटण्याचे विद्यार्थी रस्त्यावर आले व जयप्रकाशांना पुन्हा मैदानात उतरावे लागले. हा इतिहास सत्ताधाऱ्यांच्या ध्यानात आहे. तो समाजवाद्यांच्या ध्यानात किती राहिला, हा खरा प्रश्न आहे. विद्यार्थी संघटनांची शिबिरे पुण्या-मुंबईत भरली, ठराव तेथेच झाले. तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलगा कार्यकर्त्यांना आठवला तो मोर्च्याला माणसे कमी पडली तेव्हा. हे मोकळे रान इतरांनी वाया जाऊ दिले नाही. तेथे आता वाढदिवसाचे फलक आहेत आणि त्यांवर ‘दादां’ची छायाचित्रे.

त्यासाठी नवे आंदोलन पुकारण्याची गरज नाही. करमाळ्यातील व अशा प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने ९९ व्या कलमाची मराठी प्रत काढावी, एस.टी. स्थानकावर दुपारच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या मुलामुलींना ती वाचून दाखवावी आणि त्यांच्याच हस्ताक्षरात, त्यांच्याच सह्यांनी, वर्गवार मतदारयाद्या लावण्याचा अर्ज प्राचार्यांकडे द्यावा. एक प्रत कुलगुरूंना, एक तहसीलदारांना. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये.