वेग मोठा की तोल?

मधल्या सुट्टीत दोन विद्यार्थ्यांचा वाद रंगला होता. एक म्हणत होता, "वेगवान सेडानसारखी दुसरी गाडी नाही." दुसरा म्हणत होता, "सारे घर बसेल अशी उंच एसयूव्हीच खरी गाडी." शेवटी दोघे माझ्याकडे आले. "सर, तुम्हीच सांगा, कोणती गाडी चांगली?"

मी त्यांना दोन गाड्यांचे उदाहरण दिले. दोन्ही गाड्यांचा आपल्या राज्याशी संबंध आहे. महिंद्रा कंपनीची स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली. ती नाशिकला तयार होऊ लागली. स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ मध्ये शेंद्रा येथे सुरू झाली. शेंद्रा हे त्या वेळच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ आहे. ऑक्टाव्हियाचा आरएस हा वेगवान प्रकार भारतात २००४ मध्ये आला. त्याचे इंजिन पेट्रोलवर चालणारे होते आणि त्याची ताकद सुमारे १५० अश्वशक्ती होती. स्कॉर्पिओच्या डिझेल इंजिनाची ताकद त्याहून कमी, सुमारे ११० अश्वशक्ती होती.

सेडान ठेंगणी असते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असतो. त्यामुळे वळणावर ती फारशी कलत नाही. गाडी चालवण्याचा खरा आनंद तीच देते, हे मला मान्य आहे. पण तिच्यात जेमतेम पाच माणसे बसतात आणि उंच गतिरोधकावर तिचे पोट घासते. एसयूव्हीत माणसे व सामान जास्त मावते आणि खडबडीत रस्त्यावर ती अडत नाही. मात्र ती जड आणि उंच असते. वेगात वळवली तर ती बाहेरच्या बाजूला कलते.

एकदा आम्ही नऊ जण भाड्याच्या उंच गाडीतून लग्नाला निघालो होतो. टपावर सामान बांधलेले होते. कन्नड घाटात एक सेडान आम्हांला मागे टाकून पुढे गेली. आमच्या चालकाला ते सहन झाले नाही. त्याने वेग वाढवला. पुढच्याच वळणावर गाडी अशी कलली, की सगळे एका बाजूला फेकले गेले. मागे बसलेल्या नानी म्हणाल्या, "बेटा, लग्न उद्या आहे. हळू चालव." चालक ओशाळला. आम्ही सुखरूप पोहोचलो, पण ते वळण मी विसरलो नाही.

दोष त्या गाडीचा नव्हता. उंच गाडी ठेंगण्या गाडीसारखी चालवली, ही चूक होती. टपावरच्या ओझ्यामुळे तिचा तोल आणखी बिघडला होता. विज्ञानात आपण शिकतो, की वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवायला ताशी ४० किलोमीटरच्या मानाने ब्रेक लावल्यानंतर सुमारे चौपट अंतर लागते. हा नियम सेडानलाही लागू आहे आणि एसयूव्हीलाही.

म्हणून माझे मत असे आहे. एकट्यादुकट्याला चांगल्या रस्त्यावर गाडी चालवण्याची हौस असेल, तर सेडान घ्यावी. मोठे कुटुंब आणि गावाकडचा रस्ता असेल, तर एसयूव्ही घ्यावी. पण गाडीचा खरा शौकीन किती वेगाने गेलो, हे सांगत बसत नाही. तो आपल्या गाडीचा स्वभाव ओळखतो आणि मागे बसलेल्यांना पट्टा लावायला सांगून मगच गाडी सुरू करतो.