कोपऱ्यातली स्कूटर आणि जगाची जत्रा

दसऱ्याला आमच्या घरी तीन वाहनांना झेंडूचे हार लागतात. एक मोटारीला, एक मुलाच्या मोटारसायकलला आणि एक जिन्याखाली चादर पांघरून उभ्या असलेल्या स्कूटरला. ही स्कूटर १९७३ सालची बजाज. वडिलांनी नंबर लावला त्यानंतर सात वर्षांनी ती नगरच्या आमच्या घरी आली. त्या दिवशी आईने तिला ओवाळले होते आणि गल्लीत पेढे वाटले होते. वडिलांच्या हयातीत ती बाजाराला गेली, दवाखान्यात गेली, पुढे मला उभे करून आणि मागे आईला बसवून इमामपूरच्या घाटातून देवगडला गेली. वडील गेल्यावर एकदा बंद पडली ती पडलीच. हार मात्र एकाही वर्षी चुकला नाही.

गेल्या वर्षी एक व्यापारी घर विचारत आला. जुन्या स्कूटर विकत घेऊन, डेंटिंग-पेंटिंग करून मोठ्या शहरांत आणि परदेशात पाठवण्याचा त्याचा धंदा. भंगारवाला जी वस्तू किलोच्या भावाने नेईल, तिची त्याने सांगितलेली रक्कम ऐकून घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दोन दिवसांत कळवतो, असे सांगून मी त्याला वाटेला लावले आणि रात्री जर्मनीत नोकरीला असलेल्या भाच्याला फोन केला. परदेशात या गाड्यांचे नेमके काय होते, ते त्याला विचारावे म्हणून.

"मामा, एवढ्यात विकू नका," तो म्हणाला आणि त्याने इंटरलाकेनची हकीकत सांगितली. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या त्या गावी 'वेस्पा वर्ल्ड डेज' हा मेळावा भरला होता. हा नुसता बघ्या म्हणून गेला होता. सगळीकडे स्कूटरच स्कूटर. काही आरशासारख्या चकचकीत, ट्रेलरवरून उतरवलेल्या. पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे लोक गोळा होत होते ते भलत्याच गाड्यांभोवती. धुळीने माखलेल्या, मागे पिशव्या आणि तंबू बांधलेल्या, आल्प्सचे घाट चढून आलेल्या जुन्या गाड्या. चालवणारे बरेचसे साठीच्या पुढचे. त्यातल्या एका आजोबांनी याला गाव विचारले. पुण्याजवळचा आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारले, "मग घरी बजाज असेल. चालू आहे ना?" "मामा, पहिल्याला मी हो म्हणालो. दुसऱ्याला काय सांगणार?"

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, म्हणून हा लेख.

त्या आजोबांना पुण्याचे आणि बजाजचे नाते ठाऊक होते, यात नवल नाही. वेस्पाचा जन्म इटलीतला. दुसऱ्या महायुद्धात पियाज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाला. लोकांना स्वस्त वाहन हवे होते, आणि विमानांचा अभियंता असलेल्या कोरादिनो द'अस्कानियो याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. त्याने १९४६ मध्ये अशी गाडी बनवली की कपड्याला तेल लागू नये, साडी किंवा झगा नेसून बसता यावे आणि पंक्चर झालेले चाक मोटारीसारखे झटकन बदलता यावे. पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असते, ती युक्ती विमानाच्या चाकांवरून आली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा काढली. या दोन गाड्यांचे क्लब युरोपात गावोगावी निघाले. पन्नाशीच्या दशकात वेस्पावाल्यांचा 'युरोवेस्पा' मेळावा सुरू झाला. २००७ पासून सान मारिनोहून त्याचा 'वेस्पा वर्ल्ड डेज' झाला. दरवर्षी देश बदलतो. या मेळाव्याला जोडून एक 'वेस्पा ट्रॉफी' असते. ती वेगाची शर्यत नव्हे, लांबून फिरत फिरत येणाऱ्यांची स्पर्धा.

आता आपल्याकडे पाहू. १९६० मध्ये बजाजने पियाज्जोशी करार करून वेस्पा बनवायला घेतली. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. लॅम्ब्रेटा तर मुंबईत 'ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' ही कंपनी पन्नाशीच्या दशकापासूनच जोडत होती. इनोचेंतीने सत्तरीच्या आरंभी स्कूटर बंद केली, तेव्हा तिथली यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेऊन लखनौला आणली. 'स्कूटर्स इंडिया'ने त्यावर १९९७ पर्यंत स्कूटर काढल्या. म्हणजे ज्या गाड्या इटलीत संग्रहालयात गेल्या, त्या आपल्याकडे कितीतरी वर्षे रोज दूध आणत होत्या आणि मुलांना शाळेत सोडत होत्या. यामुळेच युरोपातला हौशी माणूस आजही सुट्या भागांसाठी भारताकडे पाहतो.

आणि नगरचे काय? १९७२ मध्ये ह. कु. फिरोदिया यांच्या कायनेटिकची लूना याच शहरात जन्मली. पन्नास सीसीची ही गाडी पियाज्जोच्याच 'चाओ' या मोपेडवर बेतलेली होती. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबणे ज्यांना जमत नव्हते, त्या शिक्षकांनी, कारकुनांनी, एलआयसीच्या एजंटांनी आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांनी लूना घेतली. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी यायचे, एवढा साधा हिशेब. २०२४ मध्ये लूना विजेवर चालणारी होऊन परत आली. पण मूळ लूना आज नगरच्या रस्त्यावर किती वेळा दिसते, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

असा सगळा इतिहास घरात असताना आपण या मेळाव्यांकडे परक्यांची हौस म्हणून का पाहतो? माझ्या मते याचे कारण एकच. आपण वस्तू एक तर वापरतो, नाहीतर पुजतो. वापरून झालेली वस्तू पुन्हा कामाला लावणे हे आपल्याला दरिद्रीपणाचे वाटते, आणि तिच्यावर खर्च करणे उधळेपणाचे. मग ती कोपऱ्यात जाते आणि वर्षातून एकदा हार मिळवते. मी इतरांना बोलत नाही, माझ्याच जिन्याखालचे सांगतो आहे.

व्यापाऱ्याला नकार कळवला आणि आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. वय सत्तरीच्या वर, हात अजून पक्का. त्यांनी चादर काढली, किक दाबून पाहिली, पत्र्यावर बोटाने टकटक केले आणि विचारले, "चालवणार आहात की ठेवणार आहात? ठेवणार असाल तर रंगाऱ्याकडे न्या. चालवणार असाल तर मी हात लावतो."

या दोन कामांत केवढा फरक असतो, ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळले. नुसती सजवायची गाडी गंजावर पुट्टी भरून, दोन तुटक्या गाड्यांची एक करून, वर झगझगीत रंग मारून चार दिवसांत तयार होते. आपल्या भागातून अशा गाड्या पूर्वी परदेशी गेल्या आणि तिकडच्या जाणकारांत आपले नाव त्यापायी खराब झाले आहे. चालवायच्या गाडीचा पत्रा आतून तपासावा लागतो, कारण या स्कूटरला वेगळा सांगाडा नसतो, पत्रा हाच सांगाडा. टाकीतला गंज, क्रँकचे ऑइल सील, कार्ब्युरेटरची जेट, ब्रेकचे लायनर, क्लचच्या आणि गियरच्या तारा, सगळे बाहेर काढावे लागते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्या आणि वॉशर बदलावे लागले. आमच्या जिल्ह्याच्या उसानेच आमच्या स्कूटरचे रबर खाल्ले, असे म्हणत मिस्त्री हसले.

हसता हसता त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे शिकायला आता कोणी येत नाही. मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले. पॉइंटचा गॅप कागद घालून पाहणे, प्लगच्या रंगावरून तेलाचे प्रमाण ओळखणे ही विद्या त्यांच्याबरोबर जाईल. गाडी आज वाचवता येईल, पण उद्या ती घाटात बंद पडली तर कोणाकडे न्यायची, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण कायद्याची. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. दुचाकींचाही त्यात विचार झाला, ही चांगली गोष्ट. पण पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मग ती एखाद्या संस्थानिकाची रोल्स रॉइस असो की हेडक्लार्कची स्कूटर. शिवाय असे वाहन प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायलाच बाहेर काढायचे, रोजच्या वापराला नाही. साधी पुनर्नोंदणी करावी तर वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी २०२५ मध्ये शुल्क दोन हजार झाले. मी हा दुसरा मार्ग धरला. स्कूटर ही गरिबाघरची पुराणवस्तू आहे, तिचे शुल्क तिच्या अंगाप्रमाणे असावे, एवढी माझी मागणी आहे.

काही वाचक म्हणतील, ही दोन स्ट्रोकची गाडी धूर ओकते, ती गेली तेच बरे. धूर होतो हे खरे आहे. रोज कचेरीला या गाड्या नेऊ नयेत, असेच मीही म्हणेन. पण महिन्यातून एखाद्या रविवारी वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्या मूठभर गाड्यांमुळे शहराची हवा बिघडत नाही. ती कशाने बिघडते, हे चौकात उभे राहिले की कळते. काही म्हणतील, ही पैसेवाल्यांची चैन. त्यांना मी इंडोनेशिया दाखवीन. तिथे साधी नोकरदार तरुण मुले जुन्या वेस्पा स्वतः दुरुस्त करून बेटाबेटांवरून फिरतात. २०२२ चा 'वेस्पा वर्ल्ड डेज' बालीला भरला तो त्यांच्या बळावर. आशियात तो मेळावा प्रथमच आला, आणि तो आपल्याकडे नाही आला.

नगरहून युरोपला स्कूटर चालवत जाणे आज अवघड आहे, हे मला कळते. जोर्जो बेत्तिनेल्ली नावाचा इटालियन १९९२-९३ मध्ये रोमहून वेस्पावर निघून सायगावला पोचला. आपण उलट दिशेने निघावे तर २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची चौकीच बंद झाली. गाडी जहाजाने पाठवायची तर 'कार्ने' हा सीमाशुल्काचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी मोठी हमी भरावी लागते. पण म्हणून जगाच्या जत्रेला जायचेच नाही असे थोडेच आहे? जत्रा आपल्या गावातही भरवता येते. ज्या शहरात लूना झाली, जिथे लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे, जिथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, त्या शहराने वर्षातून एक दिवस जुन्या स्कूटर आणि लूनांना का बोलावू नये? अट एकच असावी, गाडी टेम्पोतून आणायची नाही, चालवत आणायची. आणि त्या दिवशी आयटीआयच्या पोरांना मिस्त्रींच्या शेजारी बसवावे. बक्षीस सर्वांत चकचकीत गाडीला न देता सर्वांत लांबून आलेल्या गाडीला द्यावे. पुणे, नाशिक, संभाजीनगर, बीड काही फार लांब नाहीत.

स्कूटर सुरू झाली त्या दिवशी मिस्त्री मागे बसले आणि आम्ही चांदबीबी महालाच्या दिशेने निघालो. पायथ्यापर्यंत नीट गेली. चढावर दुसऱ्या गियरमध्ये कुंथू लागली आणि अर्ध्यावर थांबली. मिस्त्रींनी प्लग काढला, रुमालाने पुसला, परत बसवला आणि गाडी उजवीकडे कलवून मला म्हणाले, "मारा किक." तिसऱ्या किकला सुरू झाली. वर पोचल्यावर मी तिचा फोटो काढून भाच्याला पाठवला आणि लिहिले, त्या आजोबांची पुन्हा गाठ पडली तर सांग, चालू आहे.

ज्यांच्या जिन्याखाली, गोठ्यात किंवा गच्चीवर अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. येत्या दसऱ्याला हार घालण्याआधी तिला एकदा मिस्त्रींकडे न्या. मिस्त्री आहेत तोवर.