दम लागतो, पण दमा नाही

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले फवारणीचे औषध पोटात गेले की श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. असा रुग्ण नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय रुग्णालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणला की अनेकदा श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावावा लागतो. जीव वाचतो, रुग्ण घरी जातो.

काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, त्यातल्या काहींना धाप लागू लागते. सोयाबीनच्या मळणीची धूळ असतेच, त्यामुळे दम्याचे निदान सगळ्यांना पटते. पंप सुरू होतो, वाफ दिली जाते, स्टेरॉइडच्या गोळ्या वाढतात. दम हटत नाही.

दोष मुख्य श्वासनलिकेत असतो. हवा निसटू नये म्हणून व्हेंटिलेटरसाठी टाकलेल्या नळीला फुगा असतो. त्याचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. दाब त्याहून वाढला की अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते आणि ती भरताना वाट आकसते. बोस्टनच्या जोएल कूपर आणि हर्मिस ग्रिलो यांनी 1969 मध्येच हे दाखवून दिले. वाट साधारण 8 मिलिमीटरवर येईपर्यंत रुग्णाला फारसे जाणवत नाही. 5 वर आली की बसल्या जागीही दम लागतो.

दम्याची घरघर बहुधा श्वास सोडताना, छातीत ऐकू येते. इथे आवाज श्वास घेतानाही येतो आणि स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवला की मोठा होतो. स्पायरोमेट्रीचा आलेख चपटा दिसतो. सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपीने खात्री होते. मग फुग्याने किंवा लेझरने वाट मोकळी करता येते, स्टेंट बसवता येतो, योग्य रुग्णात अरुंद भाग काढून नलिका जोडता येते. मात्र खरा दमाही मराठवाड्यात आहेच. पंप स्वतःहून बंद करणे धोक्याचे.

अडचण अशी, की औषध प्यायल्याची गोष्ट घरात कुणी काढत नाही. तालुक्याच्या डॉक्टरला ती कळणार कशी? म्हणून त्याने विषाबद्दल नव्हे, नळीबद्दल विचारावे: ‘कधी व्हेंटिलेटरवर होतात का?’ आणि गळ्याला छेद देऊन नळी घातल्याचा व्रण आहे का, ते पाहावे. मोठ्या रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर नळी किती दिवस होती हे लिहावे. खाली ठळक अक्षरांत, दम लागल्यास श्वासनलिका तपासावी, अशी सूचना द्यावी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, निधीही नाही.