सहकुटुंब विज्ञानकथा आणि प्रौढ प्रेक्षक

विज्ञानकथा हा प्रकार मुलांसाठी ठीक. त्यातही ती घरातल्या सर्वांनी मिळून पाहायची दूरदर्शन मालिका असेल, तर जाणत्या माणसाने तिच्याकडून काही अपेक्षाच ठेवू नये, असा एक सूर मराठीच्या अध्यापकवर्गात अजूनही ऐकू येतो. या सुरामागे दोन गृहीतके आहेत. जे सर्वांदेखत पाहता येते ते पातळच असणार, हे पहिले. आणि प्रौढत्व म्हणजे मुलांपासून जे लपवावे लागते ते, हे दुसरे. ही दोन्ही तपासून पाहावीत असे आम्हांस वाटते. प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. एखादा वाङ्मयप्रकार बालवाङ्मयाच्या फडताळात गेला की त्याची समीक्षा थांबते, अभ्यासक्रमात त्याला जागा मिळत नाही आणि हळूहळू त्यात जीव ओतून लिहिणारेही उरत नाहीत.

आपल्याकडे अशा मालिकांची परंपरा अगदीच नाही असे नव्हे. 1989च्या सुमारास दूरदर्शनवर आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ आली. संगणक जुळवणारी मुले, कालप्रवास आणि मोठ्यांमध्ये गिरीश कार्नाड यांच्यासारखा नट, असा तो संसार होता. त्याच काळातल्या ‘स्पेस सिटी सिग्मा’वर ‘स्टार ट्रेक’ची छाया उघड दिसत होती. 1997 साली ‘शक्तिमान’ सुरू झाली, तर 1998 साली केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’. या मालिका आज आठवणींचा विषय झाल्या आहेत; पण आठवणीचा गोडवा आणि कलाकृतीची गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

या मालिका प्रौढांना अपुऱ्या का वाटतात? त्यांत हिंसा वा शृंगार नाही म्हणून नव्हे. ‘शक्तिमान’मध्ये नायकाचे बळ योगसाधनेतून येते आणि प्रयोगशाळा सांभाळतो तो खलपुरुष डॉ. जॅकाल. म्हणजे विज्ञान हा विचाराचा विषय न राहता संकटाचा कारखाना होतो. शेवटी बोध वेगळा काढून हातात ठेवला जातो. ‘कॅप्टन व्योम’मध्ये निसटलेले गुन्हेगार एकामागून एक हाती लागतात आणि जग होते तसे पुन्हा उभे राहते. उणीव आहे ती इथे. ज्या कथेत काहीच कायमचे बदलत नाही, ती प्रौढ मनाला पुरत नाही. कारण घडलेले पुसता येत नाही, या अनुभवातच प्रौढत्व असते. मग दोष ‘सहकुटुंब’ या अटीचा नसून, त्या अटीचा सोपा अर्थ लावणाऱ्या लेखनाचा आहे.

ही अट मुळात आपल्याला परकीही नाही. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ किंवा गावोगावची कीर्तने कधी वयानुसार वेगळी मांडली गेली नाहीत. पूर्वरंगात पेंगणारे पोर आख्यान लागले की जागे होते; त्याच्या आजोबांचे चित्त मात्र निरूपणात गुंतलेले असते. एकाच मांडवात दोन श्रवणे चालतात. आपल्या काव्यशास्त्राने वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ असा भेद केला तो याच अनुभवाला नाव देणारा आहे. बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ 1988 ते 1990 या काळात घराघरांत एकत्र पाहिले गेले. द्यूतसभा मुलांनीही पाहिली आणि त्यांच्या आज्यांनीही. पण भीष्मांच्या मौनाचा अर्थ दोघांना सारखाच लागला असेल, असे कोण म्हणेल?

हे विज्ञानकथेतही साधते, याचा पुरावा मराठीतच आहे. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, म्हणजे ती किशोरांनी वाचावी असे ठरले आहे. तिच्यात झाकण्याजोगे काही नाही. किशोरवयीन वाचकाला तिच्यात विजयाचा आनंद मिळतो. प्रौढ वाचकाला मात्र एक बोचरा प्रश्न भेटतो: एक गोळी थोडी बाजूने गेली असती तर इतिहास बदलला असता, मग ज्याला आपण इतिहासाची अपरिहार्यता म्हणतो ती नेमकी काय? ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवरचे संकट शास्त्रज्ञ टाळतात. पण संशोधकाच्या स्वतःच्या घरात त्याचे श्रेय यज्ञाला दिले जाते. मुलांसाठी ती धूमकेतूची गोष्ट आहे, मोठ्यांसाठी एका संसारातील दोन विश्वांची. ती एका घरात, एकाच बैठकीत पाहिली गेली तर तिचा अर्थ उलट अधिक धारदार होईल.

इंग्लंडमधल्या ‘डॉक्टर हू’चे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 23 नोव्हेंबर 1963 रोजी बीबीसीवर सुरू झालेली ही मालिका शनिवारी संध्याकाळी सर्व कुटुंबाने पाहावी म्हणूनच योजलेली होती. डॉक्टरचे पहिले सहप्रवासी दोन शाळाशिक्षक आहेत, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची, हे आम्हां शिक्षकांना सुखावणारे आहे. 1966 साली मुख्य नट बदलावा लागला, तेव्हा निर्मात्यांनी नायकाचे रूपच पालटवले. ओळखीचे माणूस डोळ्यांदेखत दुसरे होते, हा जवळजवळ मृत्यूचा अनुभव मुलांसमोर ठेवण्याचे धैर्य त्यात होते. 1975च्या एका कथानकात तर दोन तारा जोडल्या की डालेकांचा संपूर्ण वंश उगवण्याआधीच नष्ट होईल, अशा क्षणी डॉक्टर थबकतो आणि आपल्याला तो अधिकार आहे का, असे विचारतो. अर्जुनाच्या विषादाशी परिचित असलेल्या प्रेक्षकाला या प्रश्नाचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

तरीही या प्रकाराला मर्यादा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. याच मालिकेतून 2006 साली प्रौढांसाठी ‘टॉर्चवुड’ ही मालिका निघाली. तिच्या आरंभीच्या भागांत प्रौढत्व म्हणजे शिव्या आणि शय्या, इतकाच अर्थ पुष्कळदा दिसतो. पण 2009च्या ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ या पाच भागांत परग्रहवासी पृथ्वीवरची दहा टक्के मुले मागतात आणि कोणत्या शाळांतली मुले द्यायची याची चर्चा मंत्री बंद दाराआड करू लागतात. हे शेजारी बसलेल्या लहान मुलासह पाहणे अवघड आहे, आणि ते तसेच असायला हवे. काही सत्ये एकट्याने पाहायची असतात. 2019ची ‘लैला’ ही पाणीटंचाईच्या आणि शुद्धतेच्या राज्याची मालिकाही त्याच जातीची. तेव्हा सहकुटुंब विज्ञानकथा प्रौढांची सर्व भूक भागवील, असा आमचा दावा नाही. तिच्याकडून मिळणारे समाधान दुय्यम प्रतीचे नसते, एवढेच आम्ही म्हणतो.

किंबहुना, त्यात असे काही आहे की जे एकट्याने मोबाइलवर पाहिल्याने मिळत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला जाऊ लागली. तिची वाट आमच्या जिल्ह्यातून, धाराशिव स्थानकावरून होती. आणि दुष्काळ आमच्याकडेही होताच. तीस वर्षांपूर्वी कोणी लिहिले असते, तर ही विज्ञानकथाच ठरली असती. या प्रसंगावर एखादी मालिका रचली, तर तिच्यातले मूल इंजिन आणि टाक्यांचे डबे मोजील आणि मग सहज विचारील, की ही गाडी आपल्या गावात पाणी का देत नाही? तो प्रश्न पडद्यावर उमटला की दिवाणखान्यातल्या मोठ्यांना मुलांकडे पाहावे लागेल. ऊस, धरणे, शहरे, मतदारसंघ, सारे उत्तर त्यांना ठाऊक असते, पण सांगता येत नाही. मुलाच्या उपस्थितीत झालेली ही कोंडी हाच प्रौढ प्रेक्षकाचा अनुभव आहे, आणि तो शेजारी मूल असल्याशिवाय संभवत नाही.

जानेवारी 2020 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला तो मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट होती. 20 मे 2025 रोजी ते गेले. त्यांच्या कथा छोट्या पडद्यावर नेताना आता दोन सोप्या वाटा समोर असतील: एक, बोध काढून त्या मुलांच्या करून टाकण्याची, दुसरी, अंधार आणि रक्त घालून त्या मोठ्यांच्या करण्याची. दोन्ही टाळाव्यात. आणि आपण अध्यापकांनीही वर्गात विज्ञानकथा शिकवताना विद्यार्थ्यांना ‘ही कोणत्या वयासाठी?’ हा प्रश्न विचारणे थांबवावे. तिच्यात काय कायमचे बदलले, आणि ते बदलल्यावर कोण गप्प बसले, हे विचारावे. साहित्याची परीक्षा आपण एरवीही याच प्रश्नांनी करतो.